प्राध्यापक निवडणुकीला उभा राहिला की नेमकं काय मोजायचं?

निवडणुका जवळ आल्या आणि एखाद्या प्राध्यापकाचं, त्यातही चळवळीतल्या प्राध्यापकाचं नाव उमेदवार म्हणून पुढे आलं की दर वेळी तोच वाद जवळपास त्याच वाक्यांनी सुरू होतो. एक गट म्हणतो, अशी शिकलेली, स्वच्छ माणसं राजकारणात आलीच पाहिजेत, नाहीतर देशाचं काही खरं नाही. दुसरा म्हणतो, मास्तरांनी मास्तरकी करावी, निवडणूक हा त्यांचा प्रांत नाही, डिपॉझिट जाईल. आणि तिसरा गट, जो बहुतेकदा चळवळीतलाच असतो, तो म्हणतो झालं, हाही गेला, रस्त्यावरचा माणूस एकदा सभागृहात जाऊन बसला की संपला. तिघं एकमेकांवर तुटून पडतात पण तिघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, की हा सगळा त्या माणसाच्या स्वभावाचा आणि चारित्र्याचा प्रश्न आहे. तो स्वच्छ आहे का, भोळा आहे का, विकला जाईल का. सगळी चर्चा तिथेच फिरते आणि तिथेच संपते, तो माणूस निवडून जाऊन करणार काय आणि याआधी असे जे गेले त्यांनी केलं काय, हे कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. प्राध्यापक हा इतरांपेक्षा जास्त चांगला किंवा जास्त प्रामाणिक माणूस असतो असं मी मानत नाही, कॉलेजच्या स्टाफरूममधलं राजकारण ज्यांनी पाहिलंय ते तर अजिबातच मानणार नाहीत. नावापुढे 'प्रा.' लावून फ्लेक्सवर झळकणारे किती तरी जण आपल्याकडे आहेत ज्यांचा पुस्तकाशी संबंध सुटून जमाना झाला आणि जे खरं तर संस्थाचालक आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलतच नाहीये. मी बोलतोय ते त्या थोड्या लोकांबद्दल ज्यांनी एकच प्रश्न तीन ठिकाणी नेला: आधी अभ्यासात, मग रस्त्यावर, आणि शेवटी सभागृहात. ही तिन्ही कामं वेगवेगळी माणसं करू शकतात, करतातही, पण एकाच माणसाने केली की मधली गळती कमी होते. मोर्चात मागितलेली गोष्ट विधेयकात येईपर्यंत जी पातळ होत जाते ना, ती तेवढी होत नाही. अशा माणसाला मोजायचं असेल तर त्याने नेलेल्या प्रश्नाचं शेवटी काय झालं हे बघा. त्याचं एखादं कलम झालं का, बजेटमध्ये एखादी ओळ आली का, निदान एखादा निर्णय झाला का. बाकी चपला किती साध्या होत्या आणि एसटीने फिरायचे का, हे वाचायला छान वाटतं पण त्याने काही ठरत नाही.

मधू दंडवते घ्या. त्यांच्याबद्दल जे लेख येतात त्यात नव्वद टक्के त्यांचा साधेपणा असतो. ते साधे होतेच, वाद नाही. पण मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारा, त्या विभागाचा प्रमुख असलेला माणूस, ज्याने ४२च्या आंदोलनात भाग घेतला, १९५५ ला गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होता, तो १९७१ मध्ये राजापूरमधून लोकसभेत जातो आणि तिथून लागोपाठ पाच वेळा निवडून येतो, हे नुसत्या साधेपणावर होत नाही. त्याच वर्षी जानेवारीत तिथले खासदार बॅरिस्टर नाथ पै वारले होते, कोकणातली ती जागा म्हणजे मोठ्या वक्त्याची, लोकांच्या लाडक्या माणसाची जागा, तिथे मुंबईहून आलेल्या प्राध्यापकाला लोकांनी स्वीकारायचं म्हणजे काय. तेही इंदिरा लाटेत. पुढे ८४ ला तर देशभर सहानुभूतीची लाट होती, त्यातही टिकले. 'मास्तरांना निवडणूक जमत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी या पाच निवडणुकांचं उत्तर द्यावं.

१९७७ ला ते रेल्वेमंत्री झाले. त्याआधी आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. तर रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी काय केलं? सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे सेकंड क्लासच्या बर्थवर दोन इंच फोम आला. आज कुणाला यात काही विशेष वाटणार नाही, पण जरा थांबून बघा हे नेमकं काय आहे ते. थर्ड क्लास हा प्रकार सत्तरच्या दशकात कागदावरून रद्द झाला होता, पाटी बदलून सेकंड क्लास झाला होता, पण खाली लाकडाची फळी तीच राहिली. म्हणजे समतेची घोषणा झालेली, शरीराला मात्र काही फरक नाही, दीड-दोन दिवस प्रवास करणारा माणूस त्याच फळीवर कूस बदलत झोपणार. दंडवत्यांनी वरच्या वर्गाच्या गाद्या काढून घेऊ असं भाषण ठोकलं नाही. खालच्याला थोडं वर आणलं. आधी काही गाड्यांत, मग हळूहळू सगळीकडे. समाजवादावर आयुष्यभर बोललेल्या माणसाच्या हातात जेव्हा एक खातं आलं तेव्हा त्याने तो समाजवाद इंचांमध्ये मोजून दिला, आणि सरकारं बदलली तरी तो फोम परत कुणी काढू शकलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, वर्गच नसलेली लांब पल्ल्याची गाडी. यातली वर्गविरहित कल्पना पुढे टिकली नाही, फोम टिकला. मला वाटतं यातच शिकण्यासारखं बरंच आहे. जो बदल रोजच्या वापरात जाऊन बसतो तो टिकतो, जो फक्त तत्त्व म्हणून उभा असतो तो पुढच्या मंत्र्याच्या मर्जीवर राहतो.

पण माझ्या दृष्टीने त्यांचं रेल्वेतलं मोठं काम फोमचं नाहीच. मे १९७४ च्या रेल्वे संपानंतर हजारो कामगारांना नोकरीवरून काढलं होतं. संप मोडला गेला, नेते तुरुंगात गेले, आणि कुठल्या तरी जंक्शनवरचा खलाशी, फिटर, गँगमन घरी बसला. संपाच्या बाजूने उभं राहिलेल्या पक्षांतला माणूस तीन वर्षांनी त्याच खात्याचा मंत्री झाला आणि त्या लोकांना परत कामावर घेतलं. आता तिसऱ्या गटाला माझा प्रश्न असा आहे की हे काम रस्त्यावरून कसं झालं असतं? मोर्चा मागणी करू शकतो, घेराव घालू शकतो. कामावर परत घेण्याच्या ऑर्डरवर सही मात्र खुर्चीवरचाच माणूस करतो. ती सही करणारा माणूस तुमच्यातला असावा की नसावा, एवढाच खरा प्रश्न आहे.

कोकण रेल्वेचंही तसंच. ती कुणामुळे झाली यावर कोकणात अजून वाद चालतो आणि श्रेय एकट्या कुणाला देता येणारही नाही. पण क्रम बघितला तर गंमत कळते. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा ते रोहा हा टप्पा मार्गी लागला, गाडी रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. पुढचं सगळं अडलं होतं पैशावर, कारण रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून सह्याद्रीच्या पायथ्याने बोगदे आणि पूल बांधत मंगळूरपर्यंत जायचं तर किती पिढ्या लागतील याचा हिशेबच नव्हता. १९९० ला योग असा आला की जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. मग वेगळं महामंडळ काढलं, त्यात रेल्वेचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचे ६-६, आणि उरलेला पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा. अभियंते ई. श्रीधरन यांनी ते बांधून दाखवलं आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. कोकणाला रेल्वे हवी ही मागणी भावनेची होती, अनेक वर्षांची होती. ती वाटे, टक्के आणि रोखे या भाषेत बसवल्याशिवाय रूळ पडणार नव्हते, आणि बसवून देणाऱ्यांत मागणी करणाऱ्यांपैकीच लोक होते. आता पुढचं ऐका, १९९१ च्या निवडणुकीत याच मतदारसंघाने दंडवत्यांना पाडलं. महामंडळ स्थापन होऊन वर्षही नीट झालं नव्हतं. मग त्यांची कारकीर्द फसली म्हणायची का? निकालाच्या आकड्यावरून माणसाचं काम मोजणाऱ्यांना हे म्हणावं लागेल, आणि म्हणताना त्यांनाच अवघड वाटेल.

आता समोरच्या बाजूचं जे खरंच जड आहे ते घेऊ, कारण ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पहिला मुद्दा असा की एका विषयाचं ज्ञान म्हणजे राज्यकारभाराचं ज्ञान नव्हे, आणि शिकवणाऱ्या माणसाला आपलंच बरोबर असं वाटायची सवय असते. हे खरं आहे. दंडवतेच अर्थमंत्री असताना १९९० ला शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली. त्यामागची कळकळ खोटी नव्हती, पण त्यानंतर सहकारी बँकांची आणि सोसायट्यांची वसुली बसली, 'कशाला भरायचं, माफ होईलच' ही मानसिकता तयार झाली ही टीका तेव्हापासून होते आणि मला ती बऱ्याच अंशी पटते. शिवाय पुढच्याच वर्षी देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली, त्याची कारणं बरीच जुनी होती पण त्या सरकारने ती ओळखून वेळेत पावलं उचलली असंही म्हणता येत नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्यासारखा शहाणा निर्णयही याच काळातला, तरी एकूण अर्थमंत्री म्हणून त्यांची वर्षभराची कामगिरी रेल्वेमंत्र्याच्या तोडीची नाही. मग? मग यातून एवढंच निघतं की प्राध्यापकही चुकतो. बिनचूक असेल म्हणून त्याला पाठवा असं म्हणणारा तो पहिला गट, त्याचा युक्तिवाद इथे कोसळतो. माझा नाही.

दुसरा मुद्दा जास्त खोल जातो आणि तो चळवळीतल्या मित्रांचा आहे. पक्षात गेलात, आघाडीत गेलात की तुमचा प्रश्न सरकार टिकवण्याच्या हिशेबात अडकतो. याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात दुखरं उदाहरण मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर. १९७८ ला पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं, शरद पवार मुख्यमंत्री, आणि मंत्रिमंडळात प्राध्यापकी केलेले, चळवळीतून आलेले एन. डी. पाटील आणि सदानंद वर्दे. २७ जुलैला दोन्ही सभागृहांत बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला. आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, गावं सोडून लोक पळाले. सरकारने अंमलबजावणी थांबवली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, सोळाव्या वर्षी. म्हणजे पुरोगामी प्राध्यापक मंत्रिमंडळात असूनही पारित झालेला ठराव अमलात येऊ शकला नाही, आणि ज्यांच्यासाठी होता त्यांनी त्याची किंमत रक्ताने मोजली. हे मान्य करायलाच पाहिजे, पळवाट नाही.

पण इथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. तो प्रश्न त्या सोळा वर्षांत जिवंत ठेवला कुणी? रस्त्यावरच्या लोकांनी, आणि त्यात १९७९ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे जो लाँग मार्च निघाला त्याच्या पुढे होते जोगेंद्र कवाडे. प्राध्यापकच. आणि हेच कवाडे पुढे १९९८ ला चिमूरमधून लोकसभेत निवडून गेले. म्हणजे एकाच प्रश्नात एक प्राध्यापक मंत्रालयात होता आणि एक रस्त्यावर, आणि दोघांनाही एकेकट्याने तो सोडवता आला नाही. मंत्रालयातल्याला गावागावात ठराव पोचवणारी यंत्रणा नव्हती आणि रस्त्यावरच्याच्या हातात सहीचा पेन नव्हता. माझ्या मते नामांतराने सभागृह निरुपयोगी ठरत नाही. सभागृहातला ठराव आणि बाहेरची तयारी यांच्यात अंतर पडलं की मधल्या अंतरात सगळ्यात दुबळा माणूस चिरडला जातो, हे त्यातून दिसतं. ते अंतर कमी ठेवणं हेच तर या प्रकारच्या माणसाचं काम असायला हवं.

ते कमी ठेवलेलं बघायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल, नामांतराच्या ठरावाच्याही चाळीस वर्षं मागे, आणि परत कोकणातच. कुलाबा (आताचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यात खोत होते. सरकार आणि कसणारा कुळ यांच्या मध्ये बसलेला माणूस, सारा भरायची जबाबदारी त्याची आणि त्या बदल्यात कुळाच्या पिकावर त्याचा हात. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ला संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, सहा वर्षं जमीन कसली नाही, जंगलातली लाकडं विकून दिवस काढले. आणि त्याच वेळी मुंबईत सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते डॉ. आंबेडकर. १९३७ ला ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि सप्टेंबरात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. डोळ्यासमोर आणा, कॉलेजचा प्राचार्य, विधेयकाचा कर्ता आणि मोर्चाचा पुढारी एकच माणूस, चार-पाच महिन्यांच्या अंतरात. विधेयक पास झालं नाही, तेव्हाच्या काँग्रेस सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. कायदा झाला १९४९ ला. पण बारा वर्षांनी जो कायदा आला त्याची मागणी तारखेसकट, कलमांसकट सभागृहाच्या रेकॉर्डवर आधीच होती. आज कुणी विचारलं की बाबासाहेब १९५२ ची निवडणूक हरले, मग निवडणुकीच्या राजकारणात ते अपयशी का, तर त्याला खोतीचं विधेयक दाखवावं आणि पुढे चर्चा करावी.

आणि 'सभागृहात जाऊन नुसती भाषणं' म्हणणाऱ्यांसाठी गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसनमध्ये शिकवणारा, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस १९०२ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बजेटवर उभा राहिला. तिथल्या सदस्यांना बजेटवर मत देण्याचा अधिकारच नव्हता, फक्त बोलता यायचं. म्हणजे हातात काहीच नाही, आकडे सोडून. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ देश सुखी आहे असा नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त ओरबाडलं जातंय असा आहे, आणि गरिबाच्या मिठावर मणाला अडीच रुपये कर कशासाठी. पुढच्या वर्षी तो कर दोन रुपयांवर आला, मग आणखी खाली गेला. एकट्या गोखल्यांमुळे झालं असं कुणी म्हणू नये, मिठावरचा असंतोष जुना होता. पण मताचा अधिकार नसलेल्या सभेत नुसत्या तयारीच्या जोरावर सरकारला उत्तर द्यायला लावणं, ही ताकद अभ्यासाची. त्यांनाही तेव्हा मवाळ म्हणून हिणवलं गेलंच. टिळक आणि गोखले, दोघेही शिक्षक, दोघेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीतले, टिळकही १८९५ ला मुंबई कौन्सिलात निवडून गेलेले. म्हणजे मास्तरांनी राजकारणात जावं का हा प्रश्न महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच निकालात काढलाय, आपण अजून तिथेच घोळ घालतोय.

गोखल्यांचं दुसरं उदाहरण हरल्याचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९११ ला त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक आणलं, तेही किती सांभाळून, आधी काही भागांत, आधी फक्त मुलग्यांसाठी. पुढच्या वर्षी मतदान झालं, बाजूने १३ आणि विरोधात ३८. विरोधात मत देणाऱ्यांत आपलेही लोक होते. शिक्षणाचा हक्क घटनेत यायला २००२ ची ८६ वी दुरुस्ती लागली आणि कायदा २००९ ला झाला. ९८ वर्षं. एवढ्या मोठ्या पराभवाला अपयश म्हणावं की काय म्हणावं मला माहीत नाही, पण ज्यांनी १९१२ मध्ये ३८ च्या बाजूने हात वर केले त्यांची आज कुणी आठवणही काढत नाही.

एन. डी. पाटलांकडे परत येतो, कारण त्यांच्या बाबतीत उलटा प्रवास आहे. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक, 'कमवा आणि शिका'तल्या मुलांचे रेक्टर, शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते, १८ वर्षं विधान परिषद, ७८ ते ८० सहकारमंत्री, मग ८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार. त्यानंतर परत निवडून गेले नाहीत. पण त्यांचं सगळ्यात धारदार काम बघा, ते त्यानंतरचं आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध, रायगडच्या महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) विरोध, कोल्हापूरचा टोल. यातलं प्रत्येक प्रकरण कागदाचं होतं. वीज कोणत्या दराने घ्यायची, नाही घेतली तरी पैसे का द्यायचे, कुठल्या कायद्याखाली कुणाची जमीन जाणार, टोल किती वर्षं आणि कशाच्या बदल्यात. मोर्चा काढणारे पुष्कळ असतात, करार वाचून मोर्चासमोर तो सोप्या मराठीत फोडून सांगणारे मोजके. पेण भागातल्या २२ गावांत २००८ च्या सप्टेंबरमध्ये सेझवर जनमत घ्यायला सरकारला भाग पडलं आणि शेवटी तो सेझ झाला नाही. एन्रॉनची वीज २००१ ला वीज मंडळाने घेणं थांबवलं, तेव्हा सगळेच म्हणायला लागले की दर परवडणारा नव्हता. हे एन. डी. आणि त्यांचे सहकारी आधीपासून सांगत होते. मंत्री म्हणून, आमदार म्हणून सरकारी फाइल आतून पाहिलेला माणूस बाहेर आल्यावर कसा उपयोगी पडतो त्याचा याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही. सभागृह हा एकदा गेलं की परत न येण्याचा रस्ता आहे हे समीकरण त्यांनी आयुष्याने खोडून काढलं, ऐंशीच्या पुढे वय गेल्यावरही रस्त्यावर बसून.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी माणसं, आज कुठे आहेत असे लोक? बरोबर विचारताय, आणि खरी चर्चा इथून सुरू व्हायला हवी होती. आपण सोप्यात म्हणून टाकतो की आता तशी माणसंच जन्माला येत नाहीत, पिढीच स्वार्थी झाली. मला हे अन्यायाचं वाटतं. दंडवते, ग. प्र. प्रधान, वर्दे, एन. डी. यांची जी पिढी होती तिच्या पायाखाली एक गोष्ट पक्की होती, कायमची नोकरी. ग. प्र. प्रधान फर्ग्युसनमध्ये वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते, मग पुणे पदवीधरमधून विधान परिषदेत गेले, विरोधी पक्षनेते झाले. आज महाराष्ट्रातल्या सीनियर कॉलेजात जाऊन बघा, किती तरी विषय सीएचबीवर चालतात. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही, मानधन कधी येईल सांगता येत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये परत मुलाखत. नेट-सेट झालेला, पीएचडी केलेला पस्तिशीतला माणूस दोन कॉलेजांत धावत तास घेतो आणि घरी लग्नाचं विचारलं की गप्प बसतो. हा माणूस संस्थाचालकाच्या विरोधात ब्र काढेल? तालुक्याच्या आमदाराचीच संस्था असेल तर त्याच आमदाराविरुद्ध मोर्चात जाईल? आपण त्याच्याकडून दंडवत्यांची अपेक्षा करायची आणि त्याला पुढच्या सत्राची ऑर्डरही द्यायची नाही, हे कसं चालेल? प्राध्यापक राजकारणात का येत नाहीत यावर ज्यांना खरंच तळमळ आहे त्यांनी आधी रिक्त पदांची भरती मागावी. मागणी कंटाळवाणी आहे, व्हायरल होणार नाही, पण मुळाशी तीच आहे.

दुसरी गोष्ट त्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची. घटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेत एक बारांश जागा पदवीधरांसाठी आणि एक बारांश शिक्षकांसाठी ठेवल्या. हेतू चांगला होता, पैसा आणि गर्दी यांच्या बाहेरचा एक दरवाजा राहावा. पण मतदार पदवीधर हवा, शिक्षक हवा, उमेदवार तसा असायची अट नाही. त्यात दर निवडणुकीला मतदार यादी नव्याने तयार होते, जुनं नाव आपोआप पुढे येत नाही, परत अर्ज भरावा लागतो. त्यामुळे ज्याच्याकडे संस्थांचं जाळं, शाखांचं जाळं, फॉर्म भरून घेणारी पोरं, तो यादीच आपल्याला हवी तशी घडवतो आणि मतदानाच्या आधीच निम्मी निवडणूक झालेली असते. अभ्यासू, चळवळीतला पण एकटा उमेदवार तिथे मार खातो तो त्याला लोक नाकारतात म्हणून नव्हे, त्याला मत देऊ शकणारे लोक यादीतच नसतात. आणि यात पक्षांना नावं ठेवून भागणार नाही. शिकलेले लोक राजकारणात यावेत म्हणून रोज हिरिरीने लिहिणाऱ्या पदवीधरांपैकी किती जण वेळेत नोंदणी करतात? पदवीधरांचा अर्ज नमुना १८, शिक्षकांचा १९. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावीत, हिशेब त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला धरतात. पुढच्या वेळी कुणा प्राध्यापकाच्या उमेदवारीवर वाद रंगला, तर आपलं नाव यादीत आहे का हे आधी बघून घ्या आणि त्या उमेदवाराला एकच विचारा: तुमचा प्रश्न कोणता, आणि त्याचं विधेयक लिहून तयार आहे का?